साहेबांच्या बंगल्यातले टोमॅटो

नाशिक रोड,
१७ फेब्रुवारी १९८५

तीर्थस्वरूप सावळीराममामा यांना सहादूचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेलं तेल आईला चांगलं लागू पडलं. (ती ते धाकट्या सुमनच्या केसांनाही लावते. तिथेही लागू पडलं म्हणते.) आम्ही सगळे मजेत आहोत. मी जरा कमी मजेत आहे, त्याला कारण टोमॅटो.

गेल्या वर्षी सायखेड्याच्या आपल्या वीस गुंठ्यांत आईने संकरित टोमॅटो लावले होते, ते तुम्ही पाहिलेच. सगळी झाडं एका उंचीची, फळं एका मापाची, कवायतीला उभी केल्यासारखी. बियाण्याचा डबा मात्र महाग. मी डोकं चालवलं. फळ आपलं, बी आपलं, मग पुन्हा डबा कशाला? पंचवीस देखणी फळं निवडली आणि बी राखेत घोळून सुकवलं. आई म्हणाली, "डब्यावाला काय येडा हाय, दर साली डबा इकायला?" मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही. (बारावीला जीवशास्त्र होतं माझं. आनुवंशिकतेचा धडा तेवढा सोडून दिला होता.)

नुकसान घरातच राहिलं असतं. पण ऑफिसात मी अजून हंगामी, आणि कायम करायची शिफारस साहेबांच्या हातात. साहेबांच्या बाईंना जानेवारीतल्या भाजीपाला प्रदर्शनात भाग घ्यायचा होता. मी पुडी घेऊन बंगल्यावर गेलो आणि सांगितलं, "बाई, एकेक फळ साच्यातून काढल्यासारखं येईल." बाईंनी मोजून चाळीस रोपं लावली आणि सगळ्या ओळखीपाळखीत सांगून ठेवलं.

डिसेंबरात साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. एक झाड खिडकीच्या गजांवर चढलेलं, शेजारचं गुडघ्याएवढं. कुठे लाल चपटी फळं, कुठे पिवळी लांबट, आणि कोपऱ्यातल्या एका झाडाला बोराएवढी पिवळी, घोसच्या घोस. साहेबांनी वाफ्याभोवती एक फेरी मारली. मग शांतपणे म्हणाले, "सहादू, साचे एकूण किती होते?"

त्या रविवारी मी दिंडोरीला गेलो. तिथल्या शेतकी शाळेतले वाल्मीक सर माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "डब्यातलं बी म्हणजे दोन निरनिराळ्या वाणांचं पहिलं लेकरू. त्या पिढीत आईबापांतल्या एकाचा गुण वर दिसतो, दुसऱ्याचा आत दडून राहतो. म्हणून सगळी सारखी. त्यांचं बी तुम्ही पुन्हा पेरलंत की पत्ते पिसून नव्याने वाटल्यासारखं होतं. दडलेले गुण बाहेर येतात. रंगाचंच बघा, साधारण चारांत तीन लाल आणि एक पिवळं." मी परत येऊन बंगल्यावरची झाडं मोजली. एकोणतीस लाल, अकरा पिवळी. शास्त्र खरं ठरल्याचा मला फार आनंद झाला. तो मी साहेबांनाही सांगितला. त्यांना झाला नाही. शिफारशीची फाइल टेबलावरून कपाटात गेली, आणि मी घरी दोन दिवस नीट जेवलो नाही.

पण बाई खमक्या. त्यांनी त्या कोपऱ्यातल्या झाडाचे घोस पितळेच्या परातीत मांडून नेले. असले टोमॅटो तिथे कुणी बघितले नव्हते. पहिला नंबर आला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली, आणि एक तारखेपासून तुमचा भाचा कायम झाला.

मामींना जय भीम सांगा. गुडघ्याला जपा.

आपला भाचा,
सहादू

ता. क. : बाईंनी त्याच झाडाचं बी धरून बारा मैत्रिणींना पुड्या वाटल्यात. पुड्यांवर माझं नाव घातलंय. वाल्मीक सर म्हणतात, रंग पिवळाच राहील, पण आकाराचा आणि चवीचा काही भरवसा नाही. हे बाईंना सांगायचं धाडस मला झालेलं नाही. पेरणी गणपतीनंतर आहे. आमच्या खात्याच्या नांदगाव ऑफिसातले हेडक्लार्क तुमच्या बैठकीतले आहेत ना? गणपतीच्या आत माझी तिकडे बदली होते का, तेवढं विचारा. पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : तिथल्या साहेबांच्या बंगल्याला अंगण आहे का, तेही बघून ठेवा. नसेल तर फार बरं.