उन्हातला टायर

अण्णा, तुमचा चेहरा आठवायला बसले की आधी तुमचा उजवा अंगठाच डोळ्यापुढं येतो. काळा, जाड नखाचा. कासारवाडीच्या आपल्या टायरच्या दुकानात आलेल्या प्रत्येक टायरला तुम्ही तो लावायचात. नख रुतलं तर रबर जिवंत, न्हाई रुतलं तर भंगार. मला चौथीतून काढून दुकानात बसवलंत, तेव्हा एवढीच काय ती विद्या दिलीत, आणि वर तंबी: "उन्हातल्या टायरला नख लावू नगंस. आधी तासभर सावलीत ठेव. उन्हात मेलेलं रबरबी मऊ लागतं." सकाळपासून ही तंबी डोक्यातून जात नाही. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. दूध उतू गेलं, सुनेला मीच वर बोलले.

माझ्या धाकट्या भावाला मोटारसायकलच्या शर्यतीचं वेड लागलं तेव्हाची गोष्ट. त्याची ती बारकी टू-स्ट्रोक गाडी बघून तुम्ही म्हणालात, "शिवणयंत्राला चाकं लावलीस व्हय रे?" मग त्यानं मुंबईहून कुणाकडून तरी शर्यतीचे वापरलेले टायर आणले, पार गुळगुळीत, नावाला खाच नाही. तुम्ही पोट धरून हसलात. "लोक गोटा झालेला टायर फेकत्यात, ह्यो इकत आणतोय!" तो चिडला. "अण्णा, ह्याला स्लिक म्हणत्यात. कोरड्या डांबराला सगळं रबर चिकटतं." मागच्या चाकासाठी दोन होते, त्यातला एक निवडायचा होता. एक चकचकीत, दुसरा मळका, घासलेला. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकणच्या बाजूला, अजून वाहतूक सुरू न झालेल्या रस्त्यावर. जिंकला तर कंपनीत नव्या गाड्या चालवून बघायच्या कामावर घेतो, असं एका साहेबानं त्याला सांगितलं होतं. पोरगं आठ दिवस धड जेवलं नव्हतं.

तुम्ही सांगवीला साखरपुड्याला गेलेले. तो शिफ्टला निघताना म्हणाला, "ताई, अण्णा आले की त्यांच्याकडनं एक काढून घे. टायर त्यांनाच कळतो." चकचकीत टायर अंगणात पडलेला, दुपारच्या उन्हात. मळका आत, पाण्याच्या पिंपाशी. मी दोन्हींना नख लावलं. चकचकीत लोण्यासारखा. मळका त्यापुढं ताठ, नख जेमतेम रुतलं. तुमची तंबी विसरले, आणि संध्याकाळी तो आल्यावर सांगितलं, "अण्णांनी हा काढलाय." तुम्ही अंधार पडल्यावर आलात, तोवर टायर चढवून तो गाडी घेऊन गेलेला.

थंडीची सकाळ होती. दुसऱ्याच वळणावर मागच्या चाकाची पकड सुटली. गुडघा असा फुटला की पाय परत वाकलाच नाही. तुम्ही टायर घरी आणलात, पडवीत ठेवलात, अंगठा लावलात. नख घसरलं. मग आत गेलात, पिंपामागच्या मळक्याला लावलं, ते रुतलं. माझ्याकडं बघितलंत. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. दवाखान्यात तो तुम्हाला म्हणाला, "मुद्दाम मेलेलं रबर दिलंत ना? मी शर्यत सोडावी म्हणून?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं, पोरा." त्यानंतर तुमच्याशी तो बोलला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही लांब उभा होता, कुबडी घेऊन.

आता तो संत तुकाराम नगरात राहतो. परवा आला होता. ताठ पाय पुढच्या खुर्चीवर टाकून म्हणाला, "म्हाताऱ्यानं घात केला, ताई." सगळ्या आळीला माझ्या जिभेची भीती आहे, आणि मी काय म्हणाले? "चहा घे, गार होतोय." हा कागद कुठं टाकू? तुम्हाला पत्ता नाही. ज्याला आहे, त्याच्या दारात टाकायची माझी छाती नाही.

आणि वर लिहिलंय ना, तंबी विसरले म्हणून? ते खोटं. चांगली आठवत होती. टायर उचलून सावलीत ठेवलाही होता, आणि मग तासभर न थांबता लगेच नख लावलं. थांबले तर तोवर तुम्ही याल आणि टायर तुम्हीच निवडाल, असं वाटलं; मला एकदा तो मीच निवडायचा होता.