उचललेला दिवाणखाना

रविवार, ३१ ऑगस्ट

ॲडलेडला येऊन महिना झाला. आजपासून रोजनिशी. मोठी माणसं परदेशी गेली की लिहून ठेवतात. वही मोज्यांच्या खणात ठेवणार, तिथे बायको (शाल्मली) हात घालत नाही.

शहर शांत आहे. जरा जास्तच. काल दुपारी शेजारच्या अंगणात झाडावरून लिंबू पडलं आणि मी दचकून उठलो. झाड व्हूला आजींचं. ग्रीक बाई, तरुणपणी बोटीने आल्या, आता एकट्याच असतात. कुंपणावरून विचारत होत्या, करमतं का रे बाबा? मी म्हटलं, मला कुठेही करमतं. त्यांनी पिशवीभर लिंबं दिली. विश्वास बसला नसावा.

व्हिसाच्या नियमाने तीन वर्षं इथेच राहायचं आहे. मग सिडनी. माझा आवाका बघता सिडनीच बरं. व्हिसा शाल्मलीच्या नर्सिंगवर मिळाला, पण तो तांत्रिक भाग झाला. बॅगा सगळ्या मीच उचलल्या.

संकल्प: दिवाळीच्या आत मॅनेजरची नोकरी. रोज पहाटे फिरायला जाणे. उद्यापासून.

मंगळवार, २ सप्टेंबर

फिरणं उद्यापासून. आज वारा होता.

आणखी एक नकार. लोकल रेफरन्स नाही म्हणे. म्हणजे चिंचवडला दोनशे माणसांचं प्लॅनिंग मी करत होतो याची ग्वाही इथल्या अशा माणसाने द्यायची, ज्याने चिंचवड नकाशातही पाहिलेलं नाही. धन्य.

शाल्मली म्हणाली, तिच्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये भांडी धुवायला माणूस हवाय, तिने विचारून ठेवलंय. मी मोठ्याने हसलो. ती नाही हसली. शेवटी ठरलं: दिवाळीपर्यंत माझी वाट बघायची, नाहीतर भांडी. मी लगेच कबूल झालो, कारण ती वेळ येणारच नाही.

(घरची भांडी आज राहिली. उद्या.)

शुक्रवार, ५ सप्टेंबर

मोठी घडामोड. समोरच्या मर्वशी ओळख झाली. सत्तरी ओलांडलेला, उभा जन्म मोटारीच्या कारखान्यात गेला. कारखाना बंद पडला, मर्व ठणठणीत आहे. इथल्या पद्धतीप्रमाणे पहिला प्रश्न, कुठल्या शाळेत होतास? मी म्हटलं, सदाशिव पेठेतल्या. तो विचार करून म्हणाला, त्या बाजूचं फारसं कोणी माझ्या ओळखीचं नाही.

पण मर्वचा भाचा क्रेग इथल्या एका गोदामाचा मॅनेजर आहे आणि त्याला प्लॅनिंगचा माणूस हवाय! मी सहज सुचवलं की मामाने शब्द टाकला तर. मर्व म्हणाला, टाकीन की, पण आधी तू माणूस कसा आहेस ते तर कळू दे मला, मित्रा. रास्त आहे. मी कसा आहे हे कळायला आठवडा पुष्कळ झाला.

सोमवार, ८ सप्टेंबर

कौन्सिलची मोठ्या कचऱ्याची गाडी शुक्रवारी येणार. लोकांनी घरातलं नको ते सामान फूटपाथकडेच्या हिरवळीवर मांडलंय. गाद्या, कपाटं, चालू स्थितीतले पंखे. शाल्मलीने विचारलं, आपण इस्त्रीच्या टेबलावर जेवतोय, त्यातलं काही आणायचं का? मी स्पष्ट सांगितलं, लोकांनी टाकलेली वस्तू खांबेट्यांच्या घरात येणार नाही. आमचे आजोबा गेले, पण दुसऱ्याच्या छत्रीत शिरले नाहीत.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या टॉडच्या (प्लंबर, मान दिसत नाही, बाकी उत्तम) दारासमोरचा सोफा आणला. त्याला टाकलेला म्हणता येणार नाही. ठेवलेला होता.

गुरुवार, ११ सप्टेंबर

व्हूला आजींचं गोल टेबल, एक उभा दिवा, आरसा (चीर अगदी कडेला आहे). कचरा उचलणं वेगळं आणि निवड करणं वेगळं. निवडीला नजर लागते. शाल्मलीने विचारलं, मग अंधार पडल्यावरच का जातोस? म्हटलं, ऊन फार असतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज कळस. फिरायला गेलो (पहिल्यांदाच) आणि मैदानाच्या कडेला निलगिरीखाली एक हिरवी लाकडी आरामखुर्ची दिसली. कालच गाडी येऊन गेली, म्हणजे ही नजरचुकीने राहिली. आजूबाजूला कोणी नाही. पुण्यात देवळाबाहेर चप्पल ठेवताना माणूस दोन ठिकाणी ठेवतो, एक इथे, एक तिथे. चांगली खुर्ची कोणी शहाणा रात्रभर उघड्यावर ठेवेल का? ठेवली म्हणजे टाकली. साधं तर्कशास्त्र.

एक पाय डुगडुगतोय. उजव्या हाताखाली लोखंडाचा एक चमत्कारिक आकडा स्क्रूने बसवलाय. बहुधा छत्री अडकवायला.

रविवार, १४ सप्टेंबर

पाय बसवला. वडिलांकडून आलेला हात आहे, अजून चालतो. खुर्ची घासून मोरपंखी निळी रंगवली. शाल्मलीने पहिल्यांदाच या देशात माझं कौतुक केलं. आकडा तसाच ठेवला. त्यावर ती पर्स अडकवते.

बुधवार, १७ सप्टेंबर

मर्व फाटकाशी उभा होता, चेहरा उतरलेला. त्याची खुर्ची चोरीला गेली. बरीच वर्षं ती मैदानावर निलगिरीखाली असते, हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट बघायला. आजवर कोणी हात लावला नाही. त्याच्या बायकोने, बेव्हने, साठाव्या वाढदिवसाला दिली होती. बेव्ह जाऊन दोन वर्षं झाली.

मी विचारलं, रंग कुठला? तो म्हणाला, हिरवा.

आमच्या घरात हिरवी खुर्ची नाही. वर्णन जुळत नाही.

तरी शेजारधर्म म्हणून मी त्याच्याबरोबर सगळी गल्ली पालथी घातली. चोराला उद्देशून दोन कडक शब्दही बोललो. मर्व म्हणाला, भला माणूस आहेस तू. रेफरन्स जवळ आला म्हणायचा.

जेवण गेलं नाही. चोरट्यांचा राग आला असणार.

शनिवार, २० सप्टेंबर

ठरलं. खुर्ची गुपचूप निलगिरीखाली ठेवून यायची. रंगाचं काय, रंग कुणी अज्ञात कलाकाराने दिला असेल.

पहाटे निघालो. मैदानाच्या मध्यावर पोचलो तोच वरून एक काळापांढरा मॅगपाय सणसणत आला आणि कानशिलावर टोच मारली. हे पक्षी सध्या अंड्यांवर आहेत आणि माणसाच्या डोक्यावर राग काढतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (शाल्मली म्हणते, तिने सांगितलं होतं.) मी प्रसंगावधान राखून खुर्ची डोक्यावर उलटी घातली आणि पळालो. दिशेचा अंदाज चुकला. थांबलो तेव्हा आपल्याच दारात होतो. टॉडने गाडीची काच खाली करून विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, व्यायाम.

खुर्ची दिवाणखान्यात परत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आणखी दोनदा प्रयत्न केला. पक्ष्याने मला ओळखून ठेवलंय. गल्लीत मी ओळख नाही म्हणून अडलोय आणि इथे ही तऱ्हा.

मर्वने स्वयंपाकघरातलं स्टूल मैदानावर नेलं होतं. लगेच परत आला. म्हणाला, पाठ दुखते, आणि काय बघायचं एकट्याने. मला फार वाईट वाटलं. त्याला दोन संत्री नेऊन दिली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. शाल्मलीने मुदतीची आठवण करून दिली. मी शांतपणे समजावलं की दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते. ती म्हणाली, तिच्या माहेरी भाऊबीजेला संपते. वर म्हणाली, शनिवारी सात वाजता शेजाऱ्यांना फराळाला बोलावलंय, मर्वसकट.

हातातली चकली मी परत डब्यात ठेवली.

पण विचार केल्यावर वाटतं, उत्तमच. पाहुणचार बघून मर्व तिथल्या तिथे क्रेगला फोन लावील. खुर्चीवर शाल टाकून तांब्या ठेवायचा. पूजेची जागा म्हणायचं. प्लॅनिंग हेच माझं क्षेत्र आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सात म्हणजे आठ-सव्वाआठ हे मी धरूनच चाललो होतो. सातच्या बोलावण्याला आम्ही कोणाकडे सातला गेलोय का कधी? मी आंघोळीला शिरलो आणि बेल वाजली. सातला पाच मिनिटं कमी होती. तिघंही दारात, एकदम! टॉडने कोशिंबीर आणलेली, व्हूला आजींनी लिंबं, मर्वने आपली बिअर आपल्यापुरती. मी टॉवेलवर. शाल आणि तांब्या दोन्ही कपाटात.

कपडे करून बाहेर येतो तो काय. टॉड सोफ्यावर नेमका डाव्या कोपऱ्यात बसलेला, आणि गादीच्या फटीत हात घालून त्याने एक छोटा पाना बाहेर काढला. म्हणाला, अरे, हा इथे होता होय! वर्षभर शोधतोय. व्हूला आजी टेबलाच्या पायाखाली घडी केलेला कागद सरकवत होत्या. म्हणाल्या, याला एवढं लागतंच, माझ्या नवऱ्याने विकत घेतलं तेव्हापासून. दोघंही खुशीत होते. कोणाच्याच लक्षात आलं नाही असं मला अजूनही वाटत होतं.

मर्व उभाच होता. शाल्मली म्हणाली, बसा ना हो, गुडघे दुखत असतील. आणि निळी खुर्ची पुढे ओढली. मी चकल्यांचं ताट घेऊन मध्ये धावलो. उशीर झाला होता.

मर्व बसला. टॉडशी बोलता बोलता त्याने बिअरची बाटली उजव्या हाताखाली नेली. न बघता. टक्. झाकण उडून चकलीत पडलं.

छत्रीसाठी नव्हता तर तो आकडा.

मर्वने खाली वाकून बघितलं, मग अंगठा त्या लोखंडावरून फिरवला. म्हणाला, मी ओपनर सारखा हरवायचो म्हणून बेव्हने हा स्वतः बसवला होता, स्क्रू वाकडा गेलाय बघ. मी म्हटलं, वर्णन जुळत नव्हतं. हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. मग सगळंच बोलून टाकलं, गाडी, तर्कशास्त्र, पक्षी. टॉडने विचारलं, म्हणजे त्या दिवशी तो व्यायाम... आणि हसत हसत सोफ्यावरून घसरला. व्हूला आजींना ग्रीकमध्ये हसू आवरेना. शाल्मली माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भांडी दिसत होती.

मर्व हसला नाही. त्याने खुर्ची मागेपुढे हलवून पाहिली. विचारलं, पाय तू बसवलास? म्हटलं, हो. म्हणाला, बेव्ह कायम सांगायची पाय नीट कर, मी आज करतो उद्या करतो म्हणत राहिलो. मला इतकी लाज या देशात आल्यापासून वाटली नव्हती. त्याआधीही नसेल. शेवटी त्याने चकलीतलं झाकण काढून बाजूला ठेवलं, ती चकली खाल्ली आणि म्हणाला, चला, तू माणूस कसा आहेस ते कळलं एकदाचं.

ताटभर चकल्या संपवूनच गेले. खुर्ची मी आणि टॉडने समोर पोचवली.

रविवार, २६ ऑक्टोबर

मर्व येऊन गेला. क्रेगला काही सांगणार नाही म्हणाला. गोदामात सगळंच उघड्यावर ठेवलेलं असतं.

शाल्मली म्हणाली, उद्या सकाळी किचनमध्ये हजर व्हायचं, फक्त एक अडचण आहे. तिथेही लोकल रेफरन्स लागतो.

मी हे ऐकून मनातून खूश झालो, हे फक्त इथे लिहितो.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मर्वने रेफरन्स दिला. सकाळीच वृद्धाश्रमात स्वतः फोन केला. काय बोलला ते किचनच्या बाईंनी मला वाचून दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं होतं. "या माणसाला खात्रीने घ्या. उचललेली वस्तू चकाचक करून परत देतो."

आज दिवसभर तेच केलं. ढीग मोठा होता. प्लॅनिंग मात्र माझंच: आधी पेले, मग ताटल्या, मग पातेली. बाई म्हणाल्या, सगळे असंच करतात.

संध्याकाळी मर्वने फाटकातून हाक मारली. शनिवारी मैदानावर सामना आहे, बघायला येशील का? एकट्याने कंटाळा येतो. पक्ष्याचं तो बघून घेईल. फक्त येताना स्वतःची खुर्ची आण म्हणाला.

घरभर शोधलं. सोफा टॉडचा, टेबल व्हूला आजींचं. आपली म्हणावी अशी एकही खुर्ची नाही. शाल्मली म्हणते, पहिल्या पगारातून दुकानात जाऊन विकत घे. घेतो.

सिडनीचं मग बघू. फिरणं उद्यापासून.