नववी पायरी

महादेवपुरा, बंगळूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. पद्माकरमामांस,
अभिराजचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोकला गेला. मामीने पाठवलेलं मेतकूट पोचलं. डब्याचं झाकण सैल झालं होतं, पण पिशवीत पिशवी असल्यामुळे सांडलं नाही. तिला सांगा.

परवाच फोनवर बोललो, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर लावता. मामी ऐकते, शमिका ऐकते, पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मध्येच "काय अभिराज, तुझं कधी?" म्हणून विचारतं. शिवाय लिहिलेलं पुन्हा वाचून बघता येतं. अल्बमवर सोनेरी अक्षरं उठवायच्या आधी तुम्ही नवरा-नवरीची नावं माझ्याकडून तीनदा वाचून घ्यायचा. शाळा अकरावीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या दुकानात पक्कं झालं.

शमिकाच्या लग्नाला मी चार दिवस आधी येतो. रजा मिळाली. शिडीचं तुम्ही जे म्हणालात, त्याबद्दल शेवटी लिहितो.

दुकानात या महिन्यात नवे ड्रोन आले आहेत. तुमच्या तळहातावर बसेल एवढा एक आहे. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, म्हणजे आपल्या जुन्या फ्लॅशपेक्षा हलका. पंखांभोवती जाळीची कडी बसवता येते, म्हणजे कुणाला लागत नाही. लेन्सवर चढवायच्या काळ्या काचांची डबी वेगळी मिळते. तुम्ही उन्हात पिवळा फिल्टर लावायचा, त्यातलाच प्रकार. उतरवायला नारिंगी घडीची चटई, दोन जादा बॅटऱ्या, जादा पंखे. विकण्याआधी प्रत्येक नग मी तपासतो, स्क्रूसुद्धा मोजतो. मालक गुरुराज अण्णा मला मेष्ट्रू म्हणतात, म्हणजे मास्तर. परवा म्हणाले, "मेष्ट्रू, स्वल्प बेगा, जरा लवकर! पंखे लावायला बसलायस की स्थळ बघायला?"

गिऱ्हाईक बहुतेक आयटीतलं. मागच्या आठवड्यात पुण्याच्या मुग्धा मॅडम आल्या होत्या. त्यांना तो उडवून सेल्फी काढायची होती. मी सांगितलं, मॅडम, इथे विमानतळ जवळ, नकाशावर हा भाग लाल आहे, इथे उडवायचा नाही. त्या म्हणाल्या, "मग मी घेऊ कशाला, शोकेसमध्ये ठेवायला?" म्हणून दर रविवारी आम्ही गिऱ्हाइकांना घेऊन होसकोट्याच्या पुढे जातो, नकाशावर हिरवं दिसेपर्यंत. तिथे एक मोकळं माळरान आहे.

आज गिऱ्हाइकं गेल्यावर मी अण्णांकडून अर्धा तास मागून घेतला. सगळे जण ड्रोन उंच उंच नेतात. तुम्ही म्हणता, फार वरून माणसं दिसत नाहीत, टकलं दिसतात. म्हणून मी टेप लावलेली काठी उभी केली आणि तो बारा फुटांवर थांबवला. आपल्या शिडीच्या नवव्या पायरीवर उभं राहिल्यावर तुमचा कॅमेरा जिथे येतो, बरोबर तिथे. माणसांच्या डोक्यावर नाही, समोर, पंधरा फूट लांब. आमचा ड्रायव्हर देवाप्पा टॉवेलचा फेटा बांधून नवरदेवासारखा उभा राहिला. पंख्यांच्या वाऱ्याने फेट्याचा शेमला हलतो का ते मला बघायचं होतं. हलला नाही. फोटोत त्याचे दोन्ही डोळे दिसतात. देवाप्पा म्हणाला, "सार, हाच फोटो गावी पाठवतो, बायको मला पुन्हा पसंत करेल."

फोटो चांगला आला, मामा. पण मी तो काढला खाली मान घालून.

हे अण्णांनी पकडलं. ड्रोन हवेत असताना एकाने तरी त्याच्यावर नजर ठेवायची, हे मीच गिऱ्हाइकांना शिकवतो. आणि मी स्वतः फक्त पडद्याकडे बघतो. अण्णांनी विचारलं, "तीन वर्षं बघतोय. तू कधी वर का बघत नाहीस?" मी म्हटलं, ऊन लागतं. त्यांनी आभाळ दाखवलं. ढग होते.

आता शिडीचं लिहितो.

तुम्ही फोनवर म्हणालात, "शमीच्या लग्नात घरच्यांचा फोटो मीच काढणार, शिडीवरून. आणि धरायला तूच पाहिजेस. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही." मी "हो मामा" म्हणून फोन ठेवला. आज हे लिहायला बसलो.

आपण फोटो काढायला गेलो होतो त्या यशोवर्धनच्या लग्नाला चार वर्षं झाली. दवाखान्यात जो येईल त्याला तुम्ही सांगत होता, कार्यालयाची फरशी गुळगुळीत होती, शिडी घसरली. मी पलंगाच्या पायाशी उभा राहून ते ऐकत होतो. एकदाही बोललो नाही.

शिडी घसरली नाही, मामा. म्हणजे घसरली, पण मी धरली असती तर घसरली नसती.

नवऱ्याकडच्यांनी कोल्हापूरहून ड्रोनवाला आणला होता. तुम्ही नवव्या पायरीवर उभे होता, "हनुवटी वर, हनुवटी वर!" म्हणून ओरडत होता, आणि त्याचा ड्रोन तुमच्या मागून वर आला. मी तोवर ड्रोन फक्त मोबाइलवर बघितला होता. मी वर बघितलं. डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून एक हात कपाळाशी नेला. दुसरा कधी सुटला ते मला आजही आठवत नाही. मग तुमचा आवाज आला.

तुम्ही पडताना बटण दाबलं गेलं होतं. तो फोटो कार्डावर आहे. अल्बम मीच लावला, म्हणून तुम्ही तो कधी बघितला नाही. सगळा फोटो तिरका झालाय. वऱ्हाडी वर बघताहेत, पण तुमच्याकडे नाही. आणि डाव्या कोपऱ्यात शिडीचा पाय, शेजारी मी. तोंड आभाळाकडे, एक हात कपाळावर, दुसरा लोंबतोय. खोडून टाकावा म्हणून मी तो कितीदा उघडला. खोडता आला नाही. त्याची प्रत सोबतच्या पाकिटात आहे. एकटे असताना उघडा.

पायात स्टीलची पट्टी घातल्यावर तुम्ही दुकानात पहिल्यांदा आलात, तेव्हा उंबऱ्यापाशी काठी टेकून म्हणालात, "अभ्या, शिडी पुसून ठेव." त्यानंतर दोन महिन्यांनी मी बंगळूरला आलो. चांगली नोकरी मिळाली म्हणून आलो, असं सगळ्यांना सांगितलं. तुमचं चालणं बघवत नव्हतं म्हणून आलो.

मामीने परवा वेगळा फोन केला होता. डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली आहे, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. ती म्हणाली, "तुझं ऐकतील." तुम्हाला काही ऐकवण्याचा मला काय हक्क आहे, ते तिला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

मी तो लहान ड्रोन घेऊन येतोय, जाळीच्या कड्यांसकट. कार्यालयाची जागा नकाशावर बघितली, हिरवी आहे. माझ्या मनात असं आहे की रिमोट तुमच्या हातात द्यायचा. तो हवेत एका जागी थांबून राहतो. चौकट तुम्ही ठरवायची, हनुवटी वर म्हणून तुम्हीच ओरडायचं, बटण तुम्हीच दाबायचं. फक्त मामीच्या शेजारी उभं राहून. घरच्या फोटोंची पेटी मी मनातल्या मनात उघडून बघितली. तुम्ही एकाही फोटोत नाही. प्रत्येक वेळी शिडीवर होता. शमिकाच्या लग्नाच्या फोटोत तिचे वडील असावेत, असं मला वाटतं. मी बाजूला उभा राहून ड्रोनवर नजर ठेवीन. वर बघून. आजपासून सराव सुरू केलाय. पहिल्या वेळी मान दुखली.

पण हे पत्र वाचून, फोटो बघूनही तुम्ही शिडीच म्हणालात, तर मी वाद घालणार नाही. आणि धरायला दुसरं कुणी पाहिजे म्हणालात, तरी मी लग्नाला येईन, पंगतीत वाढीन. मला म्हणालात, तर दोन्ही हातांनी धरीन. आभाळातून काहीही जाऊ दे, माझी नजर तुमच्या टाचांवरून हलणार नाही.

शिडीच्या पायांचे रबर झिजले असतील. नवे घेऊन ठेवले आहेत. ते आणतोच.

मामीला नमस्कार. शमिकाला आशीर्वाद म्हणायला मी तिच्यापेक्षा फक्त सात महिन्यांनी मोठा आहे, तरी.

तुम्ही ज्याच्या हातावर भरवसा ठेवलात, तो
अभिराज