आपल्या दोन दारांमधला खड्डा

प्रिय विस्टिनदादास,
धाकट्या चेन्साचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (डावा पाय ओढतोस, हे सज्ज्यातून दिसतं. मी मुद्दाम बघत नाही, सज्जाच तुझ्या दाराकडे तोंड करून आहे.) निवडणुकीत मत कुणाला दिलं ते मी सांगितलं नाही, म्हणून तू बोलणं टाकलंस. रस्ता ओलांडून आले असते, तर तुझे निळ्या पक्षाचे आणि माझ्या शेजारचे लाल पक्षाचे त्याचा अर्थ लावत बसले असते. म्हणून समोरच्या घरी हे पत्र पोस्टाने पाठवते आहे.

तर आपल्या दारांमधला खड्डा. लाल म्हणतात, तो निळ्यांच्या राज्यात पडला. निळे म्हणतात, लालांनी वाढवला. बुजवायचं नाव कुणी काढत नाही. उलट मूर्तीचे खांदेकरी अडखळतील म्हणून यंदा संत रोकची मिरवणूकच चर्चमागून वळवणार आहेत. (एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत!) आईच्या या सज्ज्याखालून संत जाणार नाहीत, या विचाराने मला घरात बसवेना. शाळेत सिस्टर पर्पेतुआ बजावायच्या, दारासमोरचा रस्ता आपलाच समजा. शेवटी बाबांचा उरलेला गच्चीचा गिलावा (तोच, मडक्यांच्या भुग्याचा) कालवला आणि स्वतःच खड्डा भरला.

भुगा लाल असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुमच्या निळ्यांचा नार्दू न्हावी दुकानातून ओरडला, "शेवटी रंग दाखवलास ना, चेन्साबाई!"

"अरे मेल्या, मडकं आहे ते!"

"मडक्यालाही पक्ष असतो!"

संध्याकाळपर्यंत त्यावर कुणीतरी निळा रंग ओतला. सकाळी लालांनी तो गिलाव्यासकट उकरून काढला. बेकरीतली तोनिना लालांची. ती म्हणाली, "तुझ्या दारात निळा रंग होता. निळ्यांना कालचा पाव." एका आठवड्यात मी दोन्ही पक्षांची झाले, आणि खड्डा होता त्याहून खोल झाला. माझं कशात लक्ष लागत नाही, सारखी सज्ज्यात येते आणि आत जाते.

तुझी,
चेन्सा

ता. क. अर्धं पोतं अजून आहे. पण हा गिलावा ओला असतानाच चोपावा लागतो, ते एकट्याचं काम नाही. बाबांच्या गच्चीवर तू चोपायचास, मी पाणी शिंपडायचे. रविवारी दुपारी सगळा गाव जेवून घोरत असतो. येशील?

आणखी एक. मत कुणाला दिलं ते तरीही सांगणार नाही. पण सशाच्या रश्श्यात या वेळी टोमॅटो घालत नाही, म्हणजे रस्सा लाल व्हायला नको आणि काम झाल्यावर तुला जेवायला अडचण नको.

येताना जपून ये. मध्ये खड्डा आहे.