दोन नंबरचा माईक

केप ब्रेटन,
२२ ऑक्टोबर

प्रिय मोराग,

पोरी, कॅल्गरीत बर्फ पडलं का? इथे अजून नुसता वारा आहे. लाकडं फोडून झाली, कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलंय, आणि लॉची काकाने ट्रक पुन्हा खड्ड्यात घातला. बाकी आम्ही बरे आहोत.

शनिवारचे नाच चालू आहेत. हॉलमध्ये आवाजाच्या मिक्सरवर अजून मीच बसतो. मधल्या सुट्टीत तुझी आई तिचं गॅलिक भाषेतलं गाणं म्हणते, तेही चालू आहे. म्हणजे, तसं चालू आहे.

गेल्या शनिवारी नाच सुरू व्हायच्या आधी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "हॅमिश, आज माझा आवाज हॉलमध्ये सोडू नकोस. माझ्या पायाशी स्पीकर आहे ना, तेवढ्यातच दे. मला गायचंय, लोकांनी ऐकायलाच हवं असं नाही."

"मग लोकांनी काय नुसते तुझे ओठ बघायचे?"

"बघू देत. अजून बरे आहेत."

मी तिचं ऐकलं. तिच्या स्पीकरला आवाज ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या वाटेने, जातो. हॉलचा आवाज वर-खाली करणारा फेडर पूर्ण खाली असला तरी तिला स्वतःचा आवाज मिळावा म्हणून मी ऑक्सचं बटण दाबलं. पण आपल्या जुन्या मिक्सरवर दोन्ही ऑक्सना मिळून ते एकच बटण आहे, हे गडबडीत विसरलो. दुसरा ऑक्स आवाज घुमवणाऱ्या रिव्हर्ब यंत्राला जातो, आणि त्याचा पडसाद परत हॉलमध्ये येतो. ती गायला लागली, तर हॉलमध्ये तिचा आवाज नव्हताच, नुसता पडसाद होता. टेकडीपलीकडून कुणी गुरांना हाक मारावी तसा.

मी घाईने बंद करायला गेलो, तर लॉचीने मनगट धरलं. "हात लावून तर बघ!"

लोक हातातले कप खाली ठेवून ऐकू लागले. कडवं संपलं, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी ध्रुवपद उचललं, पण इतकं हळू की मी तसं कधी ऐकलं नव्हतं. आपला आवाज हॉलमध्ये घुमतोय, हे आईला कळलं होतं. तिने गाणं सोडलं नाही.

घरी चहा पिताना म्हणाली, "तिसऱ्या कडव्याला मोराग सूर धरायची." तू गेल्यापासून तिने तुझं नाव पहिल्यांदा घेतलं.

तुला कळवू नको म्हणाली आहे, तरी कळवतो. तिच्या घशात गाठ आहे. नाताळनंतर ऑपरेशन. जिवाला धोका नाही, पण आवाजाबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत. ती कडवी तिच्याशिवाय फक्त तुला येतात. आम्हा बाकीच्यांना नुसतं ध्रुवपद. "जायचंच तर गाणं इथे ठेवून जा," असं ती तुला दारात म्हणाली, आणि तू खरंच ठेवून गेलीस. आईचं एरवी कधी ऐकलं होतंस गं?

मला तुझी फार आठवण येते. सरळच लिहितो. दोन नंबरच्या माईकवर तुझ्या नावाची चिकटपट्टी अजून आहे. फिडलवाला मागतो तेव्हा मी सांगतो, बिघडलाय. बिघडलेला नाही. नाताळाआधीच्या शनिवारी मी तो आईच्या शेजारी उभा करणार आहे. तिचा आवाज तुझ्या पायाशी देईन आणि तुझा तिच्या. मग हॉलला काय ऐकू जाईल ते जावो.

तुझी वाट पाहणारे,
आम्ही दोघं

ता. क. हे 'दोघं' मी तिला न विचारता लिहिलं होतं. आत्ता ती मागे उभी राहून सगळं पत्र वाचून गेली. 'ते खोड' असं म्हणाली नाही.