डेव्हिड जेवतो कुठे?

बसवनगुडी, बेंगळुरू
बुधवार, दुपार

प्रिय प्रणीत,

एकाच गावात राहून मावशी पत्र काय लिहिते, म्हणून तू हसशील. हस बापडा. तुझं सर्जापूर रोड तरी कुठे एका गावात आहे म्हणा! रविवारी तू तिकडून निघालो म्हणून फोन करायचास, मी डाळ शिजायला लावायची, आणि तू दारात येईपर्यंत ती दोनदा गरम करावी लागायची. काल नीलिमाचा फोन आला होता. तुझ्या आईचा आवाज इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. “अक्का, पोरगं परदेशी चाललं, शनिवारी विमान,” हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी “सरी, बरं, छान झालं” म्हटलं, आणि फोन ठेवून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. नुसतं जाऊ नकोस म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, तुझ्या वयात मीही ऐकलं नसतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते. घाई न करता वाच.

दिवाळीनंतर तू आला होतास तो दिवस मला लख्ख आठवतो. मुलाखतीत त्या मुलीनं तुला म्हटलं होतं की तुमचं इंग्लिश कळतं, पण कस्टमरसमोर चालणार नाही. निपाणीहून आलेलं पोर, कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेलं, माझ्या ओट्याशी मान खाली घालून बसलं होतं आणि ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत होतं. तेव्हा मी तुला चिकपेटच्या दुकानाची गोष्ट सांगितली. तुझ्या काकांचं, नरसिंहरावांचं, बटणं-लेसचं दुकान. माल बांधायला इंग्रजी पेपरची रद्दी असायची, आणि गिऱ्हाईक नसलं की मी ते तुकडे वाचायची. वर फाटलेलं, खाली फाटलेलं, ना आरंभ ना शेवट. डिक्शनरी कुठली आलीय! एखादा शब्द अडला की मी त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायची. आता ‘ड्रॉट’ म्हणजे काय मला कुणी सांगितलं? पण त्याच्या अलीकडे आटलेलं तळं होतं, पलीकडे उपाशी गुरं होती, वर कोरडं आभाळ. आणखी काय सांगायला हवं? तू पहिल्यांदा हसलास तो तेव्हा. म्हणालास, “मावशी, तू तर शब्दाची सोयरीक जुळवाय बसल्यागत चौकशी करतीस की!”

मग तुझे ते ध्रुव सर आले. आले म्हणजे फोनवर, तोंड आपण दोघांनीही पाहिलं नाही. परदेशातली नोकरी, बोलायचं नाही, फक्त गिऱ्हाइकांशी चॅटवर लिहायचं, आणि त्याची तयारी फुकट. रोज सकाळी एक उतारा यायचा. सहा-सात ओळींचा, त्यात काही शब्द ठळक केलेले, खाली प्रश्न. शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघू नका, उताऱ्यावरून ओळखा, अशी वर सूचना. ही तर माझीच रीत! सगळ्यांत जास्त खूश मी झाले होते रे. तू ते उतारे माझ्या फोनवर पाठवायचास, आठवडाभर मी वाचून ठेवायची, आणि रविवारी अवरेकाईच्या शेंगा सोलता सोलता आपण दोघं बसायचो. सालं एका पातेल्यात, दाणे दुसऱ्यात, आणि मधे तुझा फोन.

उताऱ्यात एक हेलनबाई होत्या. पहिल्या दिवशी त्या सकाळी उठून चहा करतात, मांजराला दूध घालतात. शब्द होता ‘रुटीन’. मग त्यांचे यजमान वारल्याचं आलं, ‘ग्रीफ’ आणि ‘विडो’. मग मुलगी लांब राहते, फोन करायला तिला सवड नसते. हे वाचताना मला वाईट वाटलं, आणि तू मुकाट्यानं उठून माझ्यासाठी कॉफी केलीस. मग एके दिवशी त्यांच्या फोनवर चुकून कुणाचा तरी मेसेज येतो. डेव्हिड नावाचा फार सभ्य माणूस. तो माफी मागतो, ‘अपॉलॉजाइज’. बोलणं वाढतं. बाई त्याला मनातलं सांगायला लागतात, ‘कन्फाइड’. मग ‘सेव्हिंग्ज’ आलं. मग बाई कचरतात, ‘हेजिटेट’, आणि डेव्हिड धीर देतो, ‘रिअ‍ॅशुअर’. बँकेतली मुलगी त्यांना काही विचारते, तेव्हा तिला काही सांगू नका असं डेव्हिड गोडीनं सुचवतो. शब्द होता ‘डिस्क्रीट’. खाली प्रश्न असा की आता डेव्हिडनं काय म्हणावं, ते दोन वाक्यांत लिहा.

तू लिहायचास. छान लिहायचास, हेही सांगते. मी मात्र विचारत राहायची की अरे, पुढे त्या बाईंचं काय झालं? प्रत्येक उतारा मधेच तुटायचा. तू म्हणायचास, “सिरियल बघतीस व्हय गं मावशी? ती काय खरी बाई हाय?” आणि दाण्यांच्या पातेल्यात चुकून सालं टाकायचास.

त्यानंतरचा एक अभ्यास तुला आठवत असेल. तुमच्या ओळखीच्या एखाद्या वयस्क व्यक्तीबद्दल शिकलेले शब्द वापरून लिहा. तू माझ्यावर लिहिलंस आणि मला वाचून दाखवलंस. माझी मावशी विधवा आहे, बसवनगुडीत एकटी राहते, दुपारी चारला तिची कॉफी ठरलेली असते, तिचा गुडघा दुखतो, ती फार हट्टी आहे पण गोड बोललं की विरघळते. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. सरांनी शाबासकी दिली आणि फॉर्मवर अडीनडीला कुणाला कळवायचं म्हणून तू माझाच नंबर दिलास. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर इंग्रजीत मेसेज आला. हा भार्गवी मॅडमचा नंबर आहे का? मी नाही म्हणून लिहिलं. लगेच माफी आली, फार सभ्य. पाठोपाठ आलं, तुमच्या दुपारच्या कॉफीच्या वेळी त्रास दिला, क्षमा असावी. प्रणीत, तेव्हा माझ्या हातात पेलाच होता. मी तो खाली ठेवला आणि उगाचच मागे वळून खिडकीकडे पाहिलं. माझ्या कॉफीची वेळ त्या परक्या माणसाला कुणी सांगितली? उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा ‘गुड आफ्टरनून’ आलं. त्याच्याही दुसऱ्या दिवशी आलं. आता चार वाजायला आले की मला कॉफी करवत नाही.

मग मी तुझे सगळे उतारे फोनवर पुन्हा काढले आणि ओळीनं वाचले, जसे आपण कधी वाचलेच नव्हते. आपण शब्दांचे शेजारी बघत होतो, माणसांचे बघितलेच नाहीत. हेलनबाईंच्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे. मांजराचं नाव, यजमानांचा कोट कुठल्या खुंटीला, बँकेत त्या कुठल्या वारी जातात, मुलीशी कशावरून बिनसलं, अगदी सगळं. आणि डेव्हिड? तो राहतो कुठे? जेवतो कुठे? त्याला आई आहे की नाही? एकाही उताऱ्यात एक अक्षर नाही रे. दोन माणसांची गोष्ट असेल तर दोघांच्या घरी चूल असायला नको का? डेव्हिडच्या नावापुढे नुसती मोकळी जागा आहे. फोन हातात धरून मी त्या जागेकडे बघत बसले. ती जागा तुझ्यासाठी ठेवलीय, प्रणीत. डेव्हिडनं काय म्हणावं ते इतके दिवस तूच तर लिहीत होतास. हीच ती चॅटवरची नोकरी.

वाटलं, म्हातारीच्या मनाचे खेळ असतील. म्हणून गंगव्वांना फोन लावला. तुझा मित्र गुंडो ह्याच सरांच्या हाताखाली शिकून तुझ्याआधी गेला ना, त्याची आई तरी निर्धास्त असेल म्हटलं. त्या माउलीनं मलाच विचारलं, “विमलाक्का, तुम्हाला इंग्रजी येतंय न्हवं? माझ्या गुंडोचं मेसेज वाचून सांगता का?” मुलगा फोन करत नाही, उचलत नाही. रोज फक्त मेसेज, तोही इंग्रजीत, आणि ज्या आईला पाठवतो तिला सहीपुरतं अक्षर येतं! पूर्वी म्हणे तो ‘आये, जेवलीस का, गुडघा कसा हाय’ असं बोलून पाठवायचा. शेजारच्या मुलाकडून त्यांनी ते मेसेज माझ्याकडे पाठवले. मी वाचले. जेवण चांगलं आहे. काम चांगलं आहे. हेजिटेट करू नका. मी तुम्हाला रिअ‍ॅशुअर करतो. सगळे आपल्या उताऱ्यातले शब्द, त्याच ओळी, फक्त हेलनबाईंच्या जागी ‘मदर’. हे गुंडोनं लिहिलंय की त्याच्या फोनवर दुसराच कुणी बसलाय, देव जाणे. गंगव्वांना मी काय सांगणार? जेवण चांगलं आहे म्हणतो, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझा गुंडो असा बोलत न्हाई.”

नीलिमाशी बोलले. ती चिडली. “अक्का, दोन वर्षांनी पोराच्या तोंडावर हसू आलंय, तुला सगळीकडे काळंच दिसतं,” म्हणाली आणि रडायला लागली. पोलीस चौकीच्या दारापर्यंतही जाऊन आले. पण आत जाऊन सांगू काय? धड्यातल्या एका बाईला फसवतायत, आणि तिला फसवणारा जेवत नाही? तुला फोन लावते तर बंद. तुझ्या पीजीच्या मालकीणबाई, धनलक्ष्मी, त्यांच्याकडून कळलं की सरांच्या माणसांनी सेटिंगसाठी म्हणून तुझा फोन ठेवून घेतलाय, आणि तू झोपण्यापुरता खोलीवर येतोस. बँकॉकला उतरल्यावर पुढे गाडीनं कुठे नेणार हे विचारलं तर तुलाही सांगता आलं नाही म्हणे. गुंडोलाही असंच गाडीनं नेलं होतं.

हे सगळं मी तुला रविवारीही सांगू शकले असते, पण आता रविवार उरला नाही. आज सकाळी एक मुलगा बाईकवरून दारात आला. पायांतले बूट बाहेर काढले, वाकून नमस्कार केला. तुझा पासपोर्ट माझ्या कपाटात असतो हे त्याला माहीत होतं, कुठल्या कपाटात हेही. “प्रणीतनं पाठवलंय, अक्का, स्वल्प घाई आहे,” म्हणाला. मी कचरले. तर हसून इंग्रजीत म्हणाला, “प्लीज डोन्ट हेजिटेट.” मी खोटं बोलले. पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय, उद्याशिवाय मिळणार नाही, म्हटलं. तो उद्या येतो म्हणून गेला. जाताना गुडघ्याला तेल लावत जा म्हणाला. म्हणून हे पत्र लिहिलं. आत्ता बसनं येऊन ते धनलक्ष्मीबाईंच्या हातात देते, त्या तुझ्या उशाखाली ठेवतील. पासपोर्ट माझ्या पिशवीत, माझ्याजवळच आहे. तो मी फाडणार नाही, लपवणार नाही, तो तुझा आहे. पण तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही, तुझ्या सहीची चिठ्ठी आणली तरी नाही. तो यायच्या आत तू ये. माझ्यासमोर बस, माझ्या फोनवरचा तो बँकेतल्या मुलीचा उतारा काढ आणि हेलनच्या जागी माझं नाव घालून मोठ्यानं वाच. वाचताना माझ्या तोंडाकडे बघ. शेवटपर्यंत वाचता आलं तर पासपोर्ट घेऊन जा, मी आडवी येणार नाही, वाटेत खायला चकल्याही बांधून देईन. मी कडी घालून आत बसले असेन. बेल वाजली तर उघडणार नाही, कुणीही वाजवू दे. तू हाक मार. मावशी म्हणून, आपल्या निपाणीच्या बोलीत, गल्लीला ऐकू जाईल अशी.

तुझी वाट बघणारी, तुझीच
विमलामावशी