ओळखीच्यांनी पैसे थेट पाठवावेत

खांदेश्वर, नवी मुंबई
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय आबा,
सविनय जय भीम.

तुमची तब्येत ठीक असेल, जिंतूरच्या थंडीत आईचा गुडघा कुरकुरत असेल आणि तुम्ही तिला रोज 'चाललं की मोकळा होतो' असं सांगत असाल, असं धरून चालते. आम्ही दोघं बरे आहोत. अश्विनला आता द्रोणागिरीच्या गोदामावर टाकलंय, सकाळी अंधारातच निघतो. तुमच्याबद्दल विचारत असतो. मी 'बरे आहेत' म्हणते. आईकडून कळतं तेवढंच मला माहीत असतं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही 'आईला देतो' म्हणता आणि लगेच देता. दोन वर्षांत मी तुमच्या तोंडून एवढेच दोन शब्द ऐकलेत. पत्र तसं आईला देऊन मोकळं होता येणार नाही. तिला वाचता येत नाही, म्हणजे ते तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल. काही शब्द गाळायचे असतील तर गाळा, पण ती तुमच्या आवाजावरून ओळखेल.

पत्राबरोबर पार्सलात एक गोधडी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

कामाचं तुम्ही विचारत नाही, तरी सांगते. बरं चाललंय. लोक आपल्या आईच्या, आजीच्या साड्या पाठवतात आणि त्याची गोधडी करून मागतात. मी त्या साड्या धुते, गच्चीवर वाळवते आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर काका लगेच वर येऊन म्हणतात, "दीक्षा, हे सोसायटीच्या नियमात बसत नाही." मग काकूंच्या सासूबाईंची इरकल मी गोधडीत बसवून दिली, तेव्हापासून नियमात बसायला लागलं. गेल्या महिन्यात नाशिकच्या एका बाईंनी पार्सल उघडून मला फोन केला आणि बोलताच येईना त्यांना, नुसत्या रडत होत्या. मीही चार टिपं गाळली. हिशेबाच्या नोकरीत मला कधी कोणाचा असा फोन आला नव्हता.

डोकं उठतं ते एकाच गोष्टीने. गिऱ्हाईक वेबसाइटवर पैसे भरतं आणि ते माझ्या खात्यात येतात, ह्याच्या मधे एक कंपनी बसलेली असते. ती शंभरामागे दोन रुपये कापून घेते. त्या दोन रुपयांवर जीएसटी. परदेशातलं कार्ड असलं तर आणखी जास्त. म्हणजे बोटं मी टोचून घ्यायची आणि ह्यांनी पैसे इकडचे तिकडे सरकवायचे, त्याची ही हमाली. हमालीचंही वाईट वाटत नाही, हमाल घाम तरी गाळतो. पण माल परत आला, मी गिऱ्हाइकाचे सगळे पैसे परत दिले, तरी ह्यांनी कापलेलं ते परत देत नाहीत. मी त्यांना चांगलं चार परिच्छेदांचं लिहिलं, तुम्ही शिकवलं तसं, मुद्दा सोडून एक शब्द नाही. उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, खाली फक्त नाव वेगळं.

भाव वाढवून पाहिला. बायका म्हणाल्या, साड्या आमच्या, आणि वर एवढे पैसे? मग ती कपात बिलात वेगळी दाखवली, तर गिऱ्हाईक अगदी शेवटच्या पायरीवरून परत फिरायला लागलं. आम्हा घरून विकणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे, लोणची, कानातली, बाळांची झबली, काय वाट्टेल ते विकणाऱ्या. तिथे दिवसभर हेच रडगाणं.

तोडगा काढला तो मुक्ताबाईंनी. त्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून इथे मासे घेऊन येतात, मी त्यांच्याकडून सुकट घेते. त्यांनी पाटीला पैसे घ्यायचा तो चौकोनी छाप लावलाय, पैसे आले की डबा बोलतो. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं तर कोलंबी निवडता निवडता म्हणाल्या, "माजे पाटीवर कोन टाकील ते सगलं माजं. काय कापत नाय. तू कशाला त्या मधल्याला पोसतेस? गिऱ्हाइकाला सांग ना, माज्याच नंबरवर टाक."

मी घरी येऊन वेबसाइटवर एक ओळ टाकली: 'ओळखीच्यांनी पैसे थेट माझ्या नंबरवर पाठवावेत. सोबत उशीचा अभ्रा भेट.' आबा, त्या दिवसापासून अनोळखी माणूसच उरला नाही. ज्याला त्याला मी ओळखीची. एक बाई म्हणाल्या, मी तुमच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या बिल्डिंगमध्ये राहते. मी म्हटलं, मग घरच्याच की. अभ्रे शिवून शिवून जीव गेला, पण कपात थांबली.

एकच गिऱ्हाईक तसंच राहिलं. परभणीचे धनाजी, स्टेशनरीचं दुकान. दर दोन-तीन महिन्यांनी एक गोधडी, साडी न पाठवता, 'तुमच्याकडच्या कापडाची चालेल' म्हणून. प्रत्येक वेळी वेबसाइटवरून, पूर्ण किमतीला. मी मेसेज केला, दादा, तुम्ही आता जुने गिऱ्हाईक, थेट पाठवा, अभ्रा देते, शिवाय पाच टक्के सूट. उत्तर आलं: 'सूट नको. आहे तसेच ठीक आहे.' सूट नको म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. अश्विन म्हणाला, मोठ्या मनाचा दिसतो. मी म्हटलं, नाही, ह्याला मोबाइल नीट वापरता येत नसेल.

आता मी वर 'बरं चाललंय' म्हटलं, त्याचं खरं सांगते. दिवाळीनंतर मी दुकान बंद करायच्या बेतात होते. अश्विनच्या गोदामात हिशेबाची एक जागा निघाली होती, त्यांनी मला डिसेंबरअखेर उत्तर द्यायला सांगितलंय. पगार बरा आहे. मी जवळपास हो म्हणून बसले होते. पण नोव्हेंबरात धनाजींची ऑर्डर आली आणि मी थांबले. वाटलं, जो माणूस मला ओळखत नाही, ज्याला सूट नको, अभ्रा नको, त्याला नुसतं माझं काम आवडतंय. एवढं एक गिऱ्हाईक असेल तर टिकून राहण्यात अर्थ आहे.

ती गोधडी परत आली. 'दुकान बंद, तीनदा गेलो', असा कुरिअरवाल्याचा शिक्का. मी रिफंड दिला, कंपनीने कापलेलं ठेवून घेतलं. मग माझं डोकं फिरलं आणि मी फोनच लावला.

"ताई, माफी करा," धनाजी म्हणाले. "आमी सहा डिसेंबरला मुंबईला आलो होतो. गुरुजींसंगं."

"कोणते गुरुजी?"

"आपले खिल्लारे गुरुजी." आणि लगेच घाईघाईने म्हणाले, "ताई, तुमाला सांगू नको म्हणलेते."

मी फोन ठेवला आणि तो अख्खा दिवस मला तुमचा राग आला. लिहिते ते स्पष्ट लिहिते. एकेकाळी तुम्ही सहा डिसेंबरला यायचात, चैत्यभूमीवरून पुस्तकांची पिशवी घेऊन थेट आमच्याकडे, आणि रात्री भाकरी खाता खाता कुठलं पुस्तक कितीला मिळालं ते सांगायचात. ह्या वर्षीही मी ज्वारी दळून आणली होती. आला नाहीत तर वाटलं, प्रवास झेपत नसेल. तर तुम्ही दादरपर्यंत येऊन परत गेलात.

आणि दुसरा राग त्या ऑर्डरींचा. ज्या अनोळखी माणसाच्या जोरावर मी उभी होते तो अनोळखी नव्हताच. बापाने पोरीचं दुकान चालावं म्हणून केलेली दया. तुमच्या तोंडी नेहमी असायचं, दया घेऊ नये, हक्क घ्यावा. मग मला का दिलीत? गोदामाला 'येते' असं कळवायला मी मोबाइल उचललाही होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "तुझे आबा बाजारातून गोधड्या आणतेत बघ. नाव सांगत नाहीत शिवणारीचं." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "मला काय येडी समजतेत का? टाका सगळा उलटा पडलाय. आपल्या भावकीत डावखुरी एकच आहे." आणि हसली. मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. की घरी कोणी आलं की तुम्ही पेटीतून गोधडी काढून पसरता. हात लावून बघा म्हणता. म्हणता, हे एका शिकलेल्या मुलीचं काम आहे, तिचा भाव तिने ठरवलाय, कमी करत नाही. आणि लोक मोबाइलवर लिहून नेतात. जिंतूर, सेलू, परभणीहून मला एवढी नवीन गिऱ्हाइकं कशी मिळतात, ह्याचा मी विचारच केला नव्हता. ती सगळी थेट पैसे पाठवतात. सगळ्यांची नावं येतात.

एका शिकलेल्या मुलीचं. कोणाची मुलगी, ते मात्र तुम्ही सांगत नाही.

आबा, तुम्हाला काय लागलं ते मला कळतं. आजी दुसऱ्यांच्या ओसरीखाली बसून त्यांच्या फाटक्या लुगड्यांना टाके घालायची आणि पदरात पायलीभर ज्वारी पडायची, तीही वरून टाकलेली. तुम्ही तिची सुई सुटावी म्हणून शिकलात, माझ्या हातात येऊ नये म्हणून मला शिकवलंत. नोकरी सोडली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, एवढं शिकून परत तिथेच जाऊन बसलीस. पण मी तिथे नाही बसलेली. मी खुर्चीवर बसते, भाव मी सांगते, आणि नाशिकच्या त्या बाई मला 'मॅडम' म्हणत होत्या. आजीला ओसरीवर घेतलं नव्हतं. मला लोक त्यांच्या आईची साडी देतात. हे तुम्हाला दिसलंय, म्हणून तर तुम्ही चार माणसांत गोधडी पसरता. मग माझ्याशीच का बोलत नाही?

तुम्ही थेट पैसे का पाठवत नव्हता, तेही आता कळलं. वेबसाइटवर माणूस टाकेल ते नाव मला दिसतं, तुम्ही धनाजींचं टाकलंत. थेट पाठवले की बँकेतलं खरं नाव येतं. म्हणजे तुमचं नाव लपवण्याची मजुरी ती कंपनी घेत होती, आणि कापून घेत होती माझ्यातून. एवढी भांडले मी त्यांच्याशी, आणि गिऱ्हाईक माझाच बाप.

गोदामाला मी 'नाही' कळवलंय. तुमच्या ऑर्डरींमुळे नाही. सेलूच्या एका बाईंनी काल साड्या पाठवल्या, त्यांच्या तीन पिढ्यांच्या, आणि त्या मला उद्या धुवायच्या आहेत.

परत आलेली ती गोधडी ह्या पार्सलात आहे. ह्या वेळी धनाजींच्या दुकानावर नाही, घरच्या पत्त्यावर पाठवतेय. दया म्हणून घेऊ नका, विकत घ्या. मात्र वेबसाइटवर जाऊ नका. माझा नंबर तोच आहे. पाठवण्याआधी मोबाइल विचारतो, ह्यांनाच पाठवायचे ना, आणि नाव दाखवतो. तिथे दीक्षा रावसाहेब खिल्लारे असं येईल. लग्नाला सहा वर्षं झाली, बँकेत मी ते बदललेलं नाही. तेव्हा तुमचंही इकडे येऊ द्या.

आणि सगळी किंमत पाठवायची घाई नाही. एक रुपया पाठवलात तरी नाव पूर्ण येतं.

मोबाइल उशाशी ठेवून झोपणारी,
तुमची
दीक्षा